शेवटच्या बांधीपासून

टोली, सानगडीजवळ
८ ऑगस्ट २०१७

प्रिय दामिनीताई,
सप्रेम जयभीम.

होस्टेल सुटल्यापासून सणावाराला दोन ओळी पाठवण्यापलीकडे मी तुला काही लिहिलं नाही, आणि आज एकदम एवढं मोठं मेल, तेही काम काढून. राग मानू नकोस. फोन केला असता, पण फोनवर मी अर्धं विसरते आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल माफी मागत बसते, हे तुला माहीत आहे.

आमच्या गावच्या तलावाची पाणीवापर संस्था आहे. उन्हाळ्यापासून मी तिथे कॉम्प्युटरचं काम पाहते. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिलीच. त्यामुळे बाबांना वाटतं, हिला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं. आणि मला वाटतं, आता कोणीतरी दारातून आत येईल आणि सांगेल, हिला काहीच येत नाही. या आठवड्यात तसंच झालं.

संस्थेच्या अध्यक्ष सत्यभामाबाई आहेत. तू त्यांना भेटायला हवं. आजवर आमच्याकडे पाटाच्या तोंडाशी ज्याचं शेत, तो आधी पाणी घ्यायचा. धानाच्या शेतांतल्या शेवटच्या बांधीपर्यंत पोचायचा तो नुसता चिखल. बाई घरोघर फिरल्या, लोकांना पटवलं आणि यंदा ठराव करून घेतला: पाणी शेवटच्या बांधीपासून द्यायचं. सगळ्यात लांबचा पहिला, आणि तुडुमाजवळचा शेवटी. तुडुम म्हणजे तलावाचं दार. आंधळगावात तुम्ही काय म्हणता ठाऊक नाही. सभेत नंदलालजी उठले. त्यांचं सानगडीला दुकान आहे आणि बांधी तुडुमाला लागूनच. म्हणाले, "काय बाई, उलटी गंगा वाहवून राहिल्या का?"

बाई म्हणाल्या, "गंगा नाई जी, पाट हाये. गंगेले कोणी पाळी लावत नाई."

सगळे हसले, नंदलालजीही हसले, आणि ठराव झाला. पाळीचा कागद हाताने लिहिला तर लिहिणाऱ्यावर संशय येतो, म्हणून तो कॉम्प्युटरवर काढायचं ठरलं. कोणाला किती तास पाणी, हे तलावाच्या पातळीवर आणि जमिनीवर ठरतं. पातळी उतरली की तास बदलतात आणि कागद नव्याने काढावा लागतो. मी पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला. एका डिक्शनरीत प्रत्येकाचं नाव आणि त्यापुढे त्याचे तास. नावं शेवटच्या बांधीपासून क्रमाने टाइप केली. घरी लॅपटॉपवर सगळं बरोबर आलं. पण प्रिंटर जुना आहे, त्याची वायर फक्त ऑफिसच्या मशीनला बसते. तिथे कागद काढला आणि न वाचता तुडुमाच्या भिंतीवर लावला. पहिलं नाव नंदलालजींचं.

ओरडाआरड झाली. मी धावत जाऊन दुसरा कागद काढला, तर वर तिसराच कोणी. मागून कोणीतरी बोललं, "ज्याच्या घरचा चहा पेते, त्याचं नाव वर येते." मी कोणाच्याच घरी चहा घेत नाही, ताई. बाईंनी तुडुम बंद करायला लावलं. "पाळी बरोबर लागेपावतर कोणालेच पाणी नाई." धानाची रोवणी नुकतीच झाली आहे, आणि बांध्यांत पाणी नाही. माझ्यामुळे.

प्रोग्राम सोबत जोडला आहे. लोकांची नावं परगावी पाठवणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांच्या जागी पक्षी घातले आहेत. शेवटच्या बांधीचा सारस, त्याच्या वरचा टिटवी, मग बगळा, असं करत तुडुमाजवळचा खंड्या. तुला वेळ झाला तरच पाहा.

तुझी,
रीना

*

पुणे
९ ऑगस्ट २०१७

रीनाबाई, जयभीम!

आधी माफी मागणं बंद कर. होस्टेलात स्वतःची बादली वापरताना पण माफी मागायचीस तू.

प्रोग्राम चालवला. परत चालवला. चहा पिऊन आले आणि परत चालवला. दर वेळी सारस पहिला, खंड्या शेवटी. बाजूच्या टेबलावरच्या पोराला दाखवला, त्याच्याही मशीनवर तसंच. लिहिलंस पण किती स्वच्छ! आमच्याकडे मोठ्या कॉलेजातून आलेले असं लिहीत नाहीत.

म्हणजे प्रोग्राममध्ये खोट नाही. खोट माणसात आहे. तुझ्या फायलीला कोणाचा तरी हात लागून राहिला आहे. पाणी म्हटलं की लोक काय काय करतात, मी तुला सांगायला नको. ऑफिसची किल्ली कोणाकडे असते? त्याच्यावर लक्ष ठेव. मशीनला पासवर्ड लाव आणि कोणाला सांगू नकोस.

घाबरू नको वं. चोर सापडेल.

दामिनी

*

टोली
१३ ऑगस्ट २०१७

प्रिय दामिनीताई,
सप्रेम जयभीम.

किल्ली जीवनभाऊंकडे असते. तेच तुडुम उघडतात आणि बंद करतात. तू सांगितलंस तसं मी पासवर्ड लावला आणि कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले, तर जीवनभाऊ मशीनसमोर उभे. ते रोज मी यायच्या आधी मशीन सुरू करून ठेवतात. जुनं आहे, गरम व्हायला वेळ घेतं, आणि मॅडमला थांबावं लागू नये म्हणून. हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, ते सुरूच असतं.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, माह्यावर शक हाये त तोंडावर सांगा ना. मागून कुलूप काहून लावता?"

मी पासवर्ड काढला, त्यांना शेजारी खुर्ची दिली आणि म्हटलं, "माझ्या हाताकडे पाहत राहा." एक बटण दाबलं, एक यादी आली. तेच बटण पुन्हा दाबलं, वेगळी यादी आली. जीवनभाऊ म्हणाले, "तुमी त कायलेच हात लावला नाई. नावं आपोआपच फिरली. मंडईच्या जत्रेतला पाळणा झाला हा त!"

म्हणजे कोणाचाच हात नव्हता, ताई. मी त्यांची माफी मागितली. ही माफी खरी होती, सवयीची नव्हती. ते म्हणाले, "चहा पाजा, झालं." मी पाजला. आता कोणी म्हणेल की मी चहा पाजते त्याचं नाव वर येतं, तर म्हणू दे.

तुझ्यावर माझा राग नाही. तू जे पाहिलंस त्यावरून तेच वाटणार. मला एवढंच कळतं की तुझ्या मशीनवर आणि माझ्या लॅपटॉपवर क्रम बरोबर येतो, आणि इथे येत नाही. कदाचित याचा संबंध नसेल, पण ऑफिसच्या मशीनवर जुनी विंडोज एक्सपी आहे. तिच्यावर पायथन ३.४ च्या पुढचा बसत नाही. लॅपटॉपवर ३.६ आहे.

मधे एक सर येऊन गेली. तेवढ्यावर धान तगून आहे.

तुझी,
रीना

*

पुणे
१४ ऑगस्ट २०१७

रीना,

माझं चुकलं. जीवनभाऊंना माझ्याकडून सांग, आंधळगावची एक पोरगी उगाच शहाणपणा करत होती. मी एका माणसावर बोट ठेवलं, ते पण त्याचं तोंड न बघता.

तू "कदाचित याचा संबंध नसेल" म्हणून शेवटी जे लिहिलंस ना, तेच उत्तर आहे.

आमच्या घरी मागाजवळ आईची टोपली असते. त्यात सगळ्या रंगांच्या सुताने भरलेल्या कांड्या. लाल मागितली की आई न पाहता लाल काढून देते. डिक्शनरी म्हणजे ही टोपली. नाव सांगितलं की तास सांगते, चटकन, शोधत बसत नाही. पण टोपली उपडी केली तर कांड्या कोणत्या क्रमाने पडतील, याचं वचन तिने कधीच दिलेलं नाही. किनारीतल्या रंगांचा क्रम ताण्यात, मागावरच्या उभ्या धाग्यांत, लावावा लागतो, टोपलीत नाही.

३.४ मध्ये तर प्रोग्राम सुरू झाला की ही टोपली दर वेळी मुद्दाम नव्याने हलवली जाते. बाहेरच्या कोणी आतल्या जागांचा अंदाज बांधून मशीन अडकवून ठेवू नये, म्हणून ही सोय. म्हणून तुझी प्रत्येक यादी वेगळी. ३.६ मध्ये टोपलीची रचनाच बदलली. घातलं त्या क्रमाने बाहेर येतं. पण बनवणारेच सांगतात की हे आमच्या रचनेमुळे होतंय, त्यावर अजून विसंबू नका. मी विसंबले होते. इथे सगळ्यांच्या मशीनवर ३.६ आहे, त्यामुळे तुझी अडचण आम्हाला दिसलीच नसती.

उपाय सोपा आहे. कलेक्शन्स नावाच्या पेटीत ऑर्डर्ड डिक्ट मिळतो. तो नावावरून तास पण सांगतो आणि घातलेला क्रमही सांभाळतो. ३.४ वर नक्की चालतो. साधी डिक्शनरी काढ आणि हा लाव.

आणि ऐक. तू जीवनभाऊंना शेजारी बसवून बटण दाबून दाखवलंस, ते मला सुचलं नसतं. मी मशीन तपासलं, तू संशय तपासलास.

दामिनी

*

टोली
१७ ऑगस्ट २०१७

प्रिय दामिनीताई,
सप्रेम जयभीम.

तू सांगितलं तसं केलं आणि पहिल्यांदा जमलं नाही. माझी सगळी डिक्शनरी, महिरपी कंसासकट, उचलून ऑर्डर्ड डिक्टच्या कंसात ठेवली. नावं तशीच फिरत राहिली. मला वाटलं, तूही चुकलीस, आणि असं वाटल्याबद्दल इतकं वाईट वाटलं की जेवले नाही.

मग तुझं टोपलीचं उदाहरण पुन्हा वाचलं. महिरपी कंस म्हणजेच टोपली, ताई! मी नावं आधी टोपलीत टाकत होते, आणि मग ती टोपली क्रम सांभाळणाऱ्याच्या हातात देत होते. त्याच्या हातात पडण्याआधीच क्रम गेलेला. तो बिचारा मिळाला तो क्रम इमानाने सांभाळत होता. आता नाव आणि तास अशा जोड्या चौकोनी कंसात एकाखाली एक लिहिल्या आणि त्या दिल्या. आला! सारस पहिला, खंड्या शेवटी. मी बटण दाबतच राहिले. जीवनभाऊ म्हणाले, "बस करा मॅडम, मशीनले वाटन आपण परीक्षेले बसलो."

सत्यभामाबाईंना सांगितलं तेव्हा त्या पाटात होत्या. खरंच पाटात. तुडुम बंद आहे तोवर पाट साफ करून घेऊ, म्हणून बायकांना घेऊन त्या गाळ काढत आहेत. साडीचा काचा मारलेला, हात कोपरापर्यंत काळे. मी म्हटलं, "मावशी, चूक सापडली. माणसाची नव्हती." त्या म्हणाल्या, "मशीनची होती का?" मी म्हटलं, "नाही, माझी. मी त्याला क्रम लक्षात ठेव असं सांगितलंच नव्हतं." त्या बाकीच्यांकडे वळून म्हणाल्या, "ऐका वं, अशी असते शिकलेली. नाईतर आपले मास्तर." मला त्या चिखलात उतरून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण त्यांना ते आवडत नाही.

एक विचारायचं होतं. मी सारसाचे तास बदलून पाहिले. तास बदलले, जागा तीच राहिली. एखादं नाव सगळ्यात शेवटी न्यायचं असेल, तर काय करायचं? सहज विचारते.

तुझी,
रीना

*

पुणे
१८ ऑगस्ट २०१७

रीना,

टोपली टोपलीत ठेवून क्रम शोधायची चूक! ती सगळेच करतात, मी पण केली असती. फरक इतकाच, की बाकीचे कोणाला तरी विचारतात आणि तू उपाशी राहून शोधतेस. पुढच्या वेळी जेवून शोध.

तास बदलले म्हणून जागा बदलत नाही, हे बरोबर हेरलंस. ज्या नावाने एकदा जागा धरली, ते तिथेच राहतं, त्याच्यापुढे काहीही लिहिलं तरी. हलवायचं असेल तर तसं स्पष्ट सांगावं लागतं. ऑर्डर्ड डिक्टला मूव्ह टू एंड अशी आज्ञा आहे. तिच्या कंसात नाव लिहायचं. ते नाव शेवटी जातं, बाकीची रांग एकेक पाऊल पुढे सरकते. ज्याची बांधी भरली त्याला शेवटी पाठवायला फार छान. पुढच्या फेरीची रांग आपोआप तयार. तू त्यासाठीच विचारलंस ना? डोकं चालतं तुझं.

तुला एक गंमत सांगते. तुझ्या मेलनंतर मी आमच्या कामातले जुने प्रोग्राम उघडून पाहिले. दोन ठिकाणी मी सुद्धा क्रमाचं सगळं नशिबावर सोडलं होतं. ग्राहकाकडे जुना पायथन निघाला असता तर माझी चांगलीच फजिती झाली असती. दुरुस्त केलं. साहेबांनी विचारलं, हे कसं लक्षात आलं? मी म्हटलं, सानगडीकडच्या एका मॅडमनी सांगितलं. ते म्हणाले, कोणत्या कंपनीत आहेत त्या? मी म्हटलं, तलावात.

अंतिम फाइल पाठव एकदा, नजर टाकते.

दामिनी

*

टोली
२३ ऑगस्ट २०१७

प्रिय दामिनीताई,
सप्रेम जयभीम.

काल पाळीचा कागद भिंतीवर लावला. या वेळी लावण्याआधी वाचला. कोणी काही बोललं नाही. पाट साफ होत आला आहे. शनिवारी सकाळी बाई सगळ्यांसमोर पाळी वाचतील आणि तुडुम उघडेल.

फाइल जोडली आहे. तुझे उपकार कसे फेडू, कळत नाही.

तुझी,
रीना

*

पुणे
२४ ऑगस्ट २०१७

रीना,

एवढं छोटं मेल? तू? तेव्हाच मला वाटलं, काहीतरी आहे.

फाइल पाहिली. सगळं नीट आहे, आणि शेवटून दुसऱ्या ओळीत मूव्ह टू एंड, कंसात सारस. बांधी भरल्यावर नाही. पाणी सुटायच्या आधीच. म्हणजे ठरावाप्रमाणे ज्याचा पहिला नंबर, त्याला तू स्वतः उचलून खंड्याच्याही मागे ठेवलंस.

कोण आहे हा सारस? तुझी पहिली मेलं परत वाचली. गावातल्या किती जणांबद्दल काही ना काही आहे. नंदलालजींचं दुकान कुठे ते मला माहीत झालं, जीवनभाऊ चहा पितात ते पण. सारसाबद्दल एक शब्द नाही. तू ज्याची चिंता करतेस त्याच्याबद्दलच गप्प राहतेस. आपण होस्टेलात असताना महिनाभर बाबा आजारी होते, तेव्हाही तू आम्हाला सांगितलं नव्हतंस.

सारस म्हणजे बाबा ना, रीना?

मला कळतं काय झालं असेल. पहिलं नाव बाबांचं, आणि कागद काढणारी तू. लोक म्हणतील, घरच्याला वर घेतलं. म्हणून तू त्यांना शेवटी नेलंस आणि तुला वाटलं, आता कोणी बोलणार नाही. पण मी तुझ्याच शब्दांत विचारते. तो कागद हाताने लिहायचा नाही, हे कशासाठी ठरलं होतं?

मी दूर बसून एकदा चुकीचं बोट ठेवलं आहे. या वेळी चुकले असेन तर खडसाव मला. नसेन तर शनिवारच्या आत काहीतरी कर.

दामिनी

*

टोली
३० ऑगस्ट २०१७

प्रिय दामिनीताई,
सप्रेम जयभीम.

तू चुकली नाहीस. आमची बांधी पाटाच्या अगदी टोकाला आहे, तिच्यापुढे जंगलच. ठरावात आमच्या घराचा पहिला नंबर लागतो हे मला सभेतच कळलं होतं. तो चहाचा टोमणा ऐकला त्या दिवशी मी ठरवलं. बाबांना विचारलं नाही, बाईंना विचारलं नाही. तुला विचारलं ते सहज म्हणून. यातलं एकही मला सोपं गेलं नाही, पण मला वाटत होतं की मी चांगलं करते आहे.

तुझं मेल यायच्या आधीच त्याची फळं येऊ लागली होती. कागद लावला त्या संध्याकाळी नंदलालजी ऑफिसात आले, दुकानातले पेढे घेऊन. म्हणाले, "पोरी, तुझं मन मोठं. सख्ख्या बापाले मागं घेतलं! असं कोणी करत नाई." मग खुर्ची ओढून बसले. "म्हणजे मशीनमधी नाव इकडचं तिकडं करता येते. मले वाटलं होतं, नाई येत. मंग माह्यावाल्या वरच्या दोन बांध्या तेवढ्या मधात घेता येतील का? लई पुढं नाई. मधात." अगदी गोड बोलत होते. दुसऱ्या दिवशी आणखी दोघं आले. एकाच्या घरी लग्न, एकाचा मुलगा परगावी, पाणी धरायला माणूस नाही. सगळ्यांची कारणं खरी होती. आणि सगळ्यांनी बोलणं एकाच वाक्याने सुरू केलं: तेजरामचं, म्हणजे बाबांचं, नाव हललं ना?

बाबांना वाचता येत नाही. जीवनभाऊंनी त्यांना भिंतीजवळ यादी वाचून दाखवली होती. पहिलं नाव वेगळं ऐकून ते तसेच घरी आले आणि बैलाला चारा टाकत बसले. मीच समोर गेले. म्हटलं, "बाबा, लोक नावं ठेवतील म्हणून केलं."

बाबा म्हणाले, "मी मागं राहतो, हे मले नवीन नाई, बाई. माह्या पोरीनं टाकलं, हे नवीन हाये."

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

शुक्रवारी सकाळी तुझं मेल वाचलं आणि सरळ बाईंकडे गेले. त्या अंगणात कुदळीला नवा दांडा बसवत होत्या. मी सगळं सांगितलं, पेढ्यांसकट. मला वाटलं, आता मला कामावरून काढतील, आणि खरं सांगते, काढलं असतं तर मला हलकं वाटलं असतं. त्यांनी दांडा ठोकून पाहिला आणि म्हणाल्या, "नंदलाल तुयी तारीफ करून गेला ना? तो ज्याची तारीफ करते, त्यानं आपलं कुठं चुकलं ते पाहावं."

मग मला शेजारी बसवलं आणि रागावल्या, तेही मन लावून. "हा ठराव कराले मी किती उंबरे चढली, तुले माहीत हाये? तुया बापासाठी नाई चढली. टोकाच्या बांधीसाठी चढली. उद्या तिथं नंदलाल नांगरन त पहिलं नाव त्याचं. आन् तुया बापाले शेवटी पाणी द्याले मले सगळा पाट पुन्हा भरा लागन, तवा तलावात तेवढं राहीन का?" हे शेवटचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, ताई. एका माणसाला मागे घेते आहे असं मला वाटत होतं, पण त्या एका बांधीसाठी कोरडा झालेला सगळा पाट पुन्हा ओला करण्यात पाणी जाणार होतं.

"आता काय करू, मावशी?"

"ओळ काढ. आन् उद्या मी नाई वाचत. तूच वाच."

मी म्हटलं, माझा आवाज निघणार नाही. त्या म्हणाल्या, "निघन. तुले मशीनची चूक आपल्या नावावर सांगता आली, हा कागद त बरोबरच हाये."

ऑफिसात जाऊन ती ओळ तिथून काढली. आता मूव्ह टू एंड फक्त तेव्हाच चालतं, जेव्हा जीवनभाऊ येऊन सांगतात की अमक्याची बांधी भरली. तू समजली होतीस त्याच कामासाठी. नंदलालजींना पेढ्यांचा डबा परत केला. एक पेढा आधीच खाल्ला होता, तेही सांगितलं. ते म्हणाले, "राहू दे पोरी, तेवढं चालते."

शनिवारी सकाळी तलावाच्या पारीवर, त्या मातीच्या बांधावर, सगळं गाव होतं. बायका एका बाजूला, माणसं दुसऱ्या. जीवनभाऊ तुडुमावर उभे. बाबा सगळ्यांच्या मागे, खांद्यावर फावडं, माझ्याकडे न पाहता. बाईंनी माझ्या हातात कागद दिला आणि त्या बाजूला सरकल्या. मी तुडुमाच्या भिंतीला टेकले.

मी वाचलं, "तेजराम शहारे."

डावीकडून आवाज आला, "घ्या! घरचंच नाव पहिलं!" अंकुशभाऊ होते. काही लोक हसले. बाई काही बोलतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या तलावाकडे पाहत होत्या. बाबांनी फावडं खाली ठेवलं. मला वाटलं, ते आता पुढे येतील आणि म्हणतील, राहू द्या जी, मी मागं थांबतो. ते तसंच करणार होते, मला त्यांचं तोंड कळतं.

त्यांच्या आधी मी बोलले. माफी मागितली नाही, ताई. समजावूनही सांगितलं नाही. फक्त आवाज चढवून पुढचं नाव वाचलं.

"दोन. अंकुश वालदे."

एवढा हशा झाला की पारीवरचे बगळे उडाले. अंकुशभाऊ स्वतःही हसले, डोक्याला हात लावला आणि फावडं उचलून आमच्या बाबांच्या मागे पाटाने चालू लागले. जीवनभाऊंनी दार उचललं. बाबा चालता चालता एकदा थांबले आणि वळून मोठ्याने म्हणाले, "वाच ना, बाई. लोक थांबले हायेत."

मी तिसरं नाव वाचलं.

तुझी,
रीना